टवका टवक्याएवढाच: बोटीच्या चकचकीत रंगाची डागडुजी, तारीखवार नोंदी

२ फेब्रुवारी: पाहणी

बोट पाण्याबाहेर काढून शेडमध्ये घोड्यांवर चढवली आहे. अंग फायबरचं, बाजूंचा रंग गडद निळा, केबिन दुधी पांढरी. रंगाची तकाकी शाबूत आहे, त्यामुळे अख्खी बोट रंगवायची नाही. काम आहे ते फक्त टवक्यांचं. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, नांगर वर घेताना आपटून उडालेले, मागच्या कोपऱ्यावर छोटी होडी घासून उडालेले, केबिनच्या भिंतीवर विंचचं (दोर ताणायच्या चाकाचं) हँडल पडून उडालेले आणि काठाच्या लाकडी पट्टीवर दोराने काढलेले. सगळ्यात लहान टवका दोन मिलिमीटरचा, सगळ्यात मोठा अंगठ्याच्या नखाएवढा.

टवके समोरून बघून मोजू नयेत. टॉर्च रंगाला जवळजवळ टेकवून धरली की तिरप्या उजेडात प्रत्येक खड्डा सावली टाकतो, आणि समोरून अजिबात न दिसलेले टवके हाताशी येतात. प्रत्येकाशेजारी टेपचा तुकडा लावून नंबर आणि खोली लिहिली. खोली तीन प्रकारची. नुसता वरचा रंग गेलेला, पांढरा प्रायमर दिसणारा, आणि थेट फायबर किंवा लाकूड उघडं पडलेलं. पुढचं काम या खोलीवरच ठरतं.

कठड्याच्या एका खांबाच्या बुडाशी टवक्याभोवती ताऱ्यासारख्या चिरा आहेत. तिथे नाणं वाजवलं तर आवाज बद्द येतो, बाजूला खणखणीत. म्हणजे खालचा फायबर हलतो आहे. त्यावर रंग भरून काही उपयोग नाही, पुढच्या हिसक्याला चिरा पुन्हा वर येतील. ही जागा यादीतून काढली, तिचं काम वेगळं आणि आतून करायचं आहे.

३ फेब्रुवारी: रंग कोणत्या जातीचा

हे ठरवल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नये. पांढऱ्या फडक्यावर कडक थिनर घेऊन आडोशाच्या जागी मिनिटभर दाबून धरला. लॉकरच्या झाकणावर फडक्याला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे झाकण एकाच डब्यातल्या साध्या इनॅमलचं. बाजू आणि केबिन दोन्हीकडे फडकं कोरं राहिलं. तिथे हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) घालून लावलेला दोन डब्यांचा युरेथेन रंग आहे.

झाकण बाजूला ठेवलं. साध्या इनॅमलवर दोन डब्यांचा रंग लावला तर त्यातला थिनर खालच्या थराला उचलतो, सुरकुत्या पडतात. झाकणाला त्याचाच इनॅमल लागेल.

सुदैवाने मागच्या रंगकामाचे डबे बोटीतच होते. त्यांवरून महत्त्वाचा फरक कळला. बाजूंचा निळा पॉलिस्टर युरेथेन आहे, केबिनचा पांढरा ॲक्रिलिक युरेथेन. वरवर दोन्ही सारखेच चमकतात, पण डागडुजीत त्यांचं वागणं उलटं आहे. पॉलिस्टर जातीत (ऑलग्रिप हा त्यातला ठाऊक असलेला रंग) तकाकी वरच्या अगदी पातळ रेझिनच्या थरात असते. तो थर टिकतोही खूप, पण पेपर किंवा कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून तो एकदा काढला की घासून आणलेली चमक टिकत नाही, ती जागा आसपासच्या आधी मंद पडते. ॲक्रिलिक जात (ऑलक्राफ्ट २००० हा त्यातला) घासता येते, बफ करता येते, पुन्हा चमकवता येते.

म्हणून सगळ्या कामाचा पाया आजच ठरला. निळ्यावर टवक्याबाहेरच्या रंगाला काहीही घासणारं लागता कामा नये. डागडुजी म्हटलं की हात आपोआप मोठं वर्तुळ घासायला लागतो, आणि दोन मिलिमीटरच्या टवक्याचा तळहाताएवढा मंद डाग होतो. टवका एक वेळ लांबून दिसत नाही, तो डाग धक्क्यावरूनही दिसतो.

४ फेब्रुवारी: धुणं, मेण काढणं

आधी भरपूर गोडं पाणी, मग सौम्य साबण, पुन्हा पाणी. मीठ टवक्याच्या कोपऱ्यात दडून बसतं, म्हणून प्रत्येक खड्ड्यात मऊ टूथब्रश फिरवला.

मेण आणि सिलिकॉन काढायला दोन फडकी लागतात. एकाने मेण काढायचं द्रावण लावायचं आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसलं तर मेण उचललं जात नाही, फक्त पसरतं. खात्री करायला वर पाणी मारून बघावं. पाण्याचे मणी झाले तर मेण अजून आहे, सलग पातळ पडदा झाला तर जागा स्वच्छ. हे सगळं घासण्याच्या आधी. नंतर केलं तर पेपरच्या ओरखड्यांत मेण शिरलेलं असतं आणि ते निघता निघत नाही.

६ फेब्रुवारी: लाकडी पट्टी

पट्टीवरचे टवके दिसतात त्यापेक्षा मोठे निघाले. ब्लेडचं टोक कडेखाली सरकवलं तर रंग पापडासारखा उचलला गेला, खाली लाकूड काळपट आणि दमट. पाणी टवक्यातून शिरून रंगाखाली आडवं पसरलेलं. इथे टवका लहान ठेवण्याचा नियम चालत नाही. रंग जिथपर्यंत सुटतो तिथपर्यंत काढावाच लागतो. घट्ट धरलेली कड लागेपर्यंत ब्लेडने कापत गेलो, मग टेप दाबून झटक्यात ओढली. टेपला काही चिकटून आलं नाही तिथे थांबलो.

लाकडाला आता फक्त कोरडी हवा. हीट गनने घाई केली तर वरचा पापुद्रा वाळतो, आतला ओलावा तसाच राहतो आणि पुढे तोच नव्या रंगाला फुगे आणतो. पट्टीचं काम बाकीच्यांच्या मागून येईल.

७ फेब्रुवारी: खड्ड्याच्या कडा

टवक्याची कड कपचीसारखी उभी असते आणि बऱ्याचदा किंचित सुटलेली असते. त्यावर भरलेला रंग त्या कपचीसकट पुन्हा उडतो. ब्लेडच्या टोकाने सुटलेले कण काढले, कड आतल्या बाजूला थोडी उतरती केली.

आता आतून घासायचं आणि बाहेर लागू द्यायचं नाही, ही खरी पंचाईत. नुसत्या मास्किंग टेपने टवक्याभोवती चौकोन केला तर चारही कोपऱ्यांत चांगला रंग उघडा राहतो आणि पेपर तिथे फिरतोच. यावर जमलेली युक्ती अशी. टेपचे दोन थर मेणकागदावर चिकटवायचे, कागदाला भोकं पाडायच्या पंचने त्यात गोल भोक पाडायचं, टेप सोडवून ते भोक बरोबर टवक्यावर बसवायचं. मोठ्या टवक्यांसाठी ब्लेडने त्यांच्याच आकाराची खिडकी कापली. मग पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरावर ३२० नंबरच्या पेपरची टिकली चिकटवली आणि भोकात गोल फिरवली. आतला चकचकीतपणा गेला, बाहेर टेपवर फक्त धूळ. याला वेळ लागतो, पण निळ्यावर एकही मंद डाग पडला नाही, तो या टेपमुळे.

हॅचची (डेकवरच्या झाकणाच्या दाराची) चौकट ॲल्युमिनियमची आहे. तिथे उघडा धातू घासला की लगेच पुसून प्रायमर लावावा लागतो, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर काही मिनिटांत पुन्हा धरतो. लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रश त्यावर वापरू नये, लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. चौकटीला आजच प्रायमरचा हात दिला.

८ आणि ९ फेब्रुवारी: लांबी

खोल टवक्यांनाच लांबी, म्हणजे खड्डा भरायचं घट्ट कालवण. उथळ टवक्यात लांबी भरली तर रंगाला जागाच उरत नाही.

इपॉक्सीत बारीक पूड घालून ती लोण्यासारखी घट्ट केली आणि प्लास्टिकच्या पातीने भरली. पहिलं कालवण वाया गेलं. चमचाभरच लागत होतं म्हणून रेझिन आणि हार्डनर थेंब मोजून घेतले होते. पण रेझिन घट्ट, हार्डनर पातळ, त्यामुळे दोन्हींचे थेंब एका आकाराचे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशीही नख रुतत होतं. अशा लांबीवर जास्तीचा हार्डनर ओतून किंवा गरम करून ती कडक होत नाही, ती कोरून काढावीच लागते. सगळी कोरली, थिनरने पुसली, पुन्हा भरली.

दुसऱ्या वेळी ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घेतला. इथे एक सावधगिरी. डब्यावर वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगवेगळं लिहिलेलं असतं, काट्यावर मोजताना वजनाचंच घ्यावं. आणि गरज असो नसो, काट्याला नीट कळेल इतकं तरी कालवावं. थोडी लांबी फेकून द्यावी लागली तरी ती परवडते, सगळं कोरून काढणं परवडत नाही.

१० फेब्रुवारी: लांबी किती खाली

वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आला आहे, बोटाला जाणवतो. हा थर पाण्यात विरघळतो. थिनरने पुसला तर नुसता पसरतो आणि पेपरने घासला तर पेपर भरून जातो. कोमट पाणी आणि हिरव्या स्क्रबरचा तुकडा, फक्त खड्ड्यात, मग कोरडं फडकं. तो राहिला तर वरचा रंग चिकट राहतो किंवा धरतच नाही.

नंतर खरा प्रश्न, लांबी किती पातळीवर ठेवायची. भिंतीला लांबी भरतात तेव्हा ती सपाट करतात आणि वर रंग येतो, कारण भिंतीवर रंग सगळीकडेच बसतो. इथे रंग फक्त खड्ड्यातच बसणार आहे. लांबी आसपासच्या रंगाशी सपाट असेल तर प्रायमर आणि रंग त्याच्या वर उंचवटा करतात, आणि तो उंचवटा घासून सपाट करायला गेलं की लांबी उघडी पडते. म्हणून लांबी पातळीच्या खाली हवी. नखाने चाचपताना स्पष्ट पायरी लागली पाहिजे, प्रायमर आणि रंगाचे तीन-चार हात मावतील एवढी. वाटोळ्या टोकाच्या ब्लेडने भरलेली लांबी खरवडून थोडी खोलगट केली. केबिनवरच्या एका टवक्यात ही पायरी ठेवली गेली नव्हती. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

११ फेब्रुवारी: प्रायमर

उघड्या फायबरवर आणि लांबीवर इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात, शून्य नंबरच्या ब्रशने, फक्त खड्ड्यात. निळ्याखाली राखाडी प्रायमर घेतला. पांढरा घेतला असता तर निळ्याचे जास्त हात द्यावे लागले असते, आणि पुढे रंग जरा जरी उडाला तरी पांढरा ठिपका लांबून डोळ्यात भरला असता.

लोखंडी बोटीवर हेच काम करणाऱ्यांनी गंज पूर्ण चकाकत्या धातूपर्यंत काढून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. रात्रभर उघडा राहिलेला धातू सकाळी पिवळसर दिसतो, मग पुन्हा सगळं घासणं आलं.

१२ आणि १३ फेब्रुवारी: रंग जुळवणं

डब्यातला निळा तोच, कंपनी तीच, नंबर तोच. तरी जुळत नाही. बोटीवरचा निळा उन्हाने बदललेला आहे आणि नवा रंग शेजारी ठेवल्यावर काळपट वाटतो.

हे पारखायला ओला थेंब बोटीवर लावून बघू नये. ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. जाड पांढऱ्या कार्डाला मधोमध भोक पाडलं, भोकाच्या भोवती कडेपर्यंत रंग लावला, वाळू दिला आणि कार्ड बोटीवर टेकवलं. भोकातून जुना रंग, भोवती नवा, मध्ये रेघ नाही. फरक असेल तर क्षणात कळतो. एका कार्डावर एकच मिश्रण, मागे प्रमाण लिहिलेलं.

पहिला प्रयत्न पांढरा मिसळून निळा फिका करण्याचा होता. तो जमला नाही. निळा फिका झालाच, पण खडूसारखा, दुधाळ. जुन्या निळ्याची खोली गेलेली नव्हती, त्याची छटा किंचित हिरव्याकडे झुकलेली होती. पांढरा बाजूला ठेवून सुईच्या टोकावर बसेल इतका पिवळा घातला, तेव्हा कार्ड आणि बोट एक झाली. रंग फिका दिसतो तेव्हा तो खरंच फिका आहे की छटा बदलली आहे हे आधी ओळखावं, नाहीतर डबाच्या डबा खराब होतो. म्हणूनच मिश्रण नेहमी थोड्या रंगात करायचं, मूळ डब्यात नाही.

उजेडाचं तर फार महत्त्व आहे. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेलं कार्ड बाहेर नेल्यावर वेगळं दिसलं. आता प्रत्येक कार्ड उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघतो. दोन्हीकडे जुळत नसेल तर सावलीतलं जुळलेलं धरावं, कारण बोटीच्या बाजू बहुतेक वेळ तिरप्या, सौम्य उजेडातच बघितल्या जातात.

पांढऱ्याला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण पांढराच जास्त बारकाईचा निघाला. जुना पांढरा किंचित पिवळट आणि किंचित मळकट असतो. पिवळ्याचा अंश आणि त्याहून कमी काळा लागला. काळा टूथपिकच्या टोकाला जेवढा चिकटतो तेवढाच. केबिन ॲक्रिलिक असल्याने आधी टवक्याजवळचा तुकडा बारीक कंपाउंडने स्वच्छ करून मगच रंग जुळवला. वरचा ऑक्सिडेशनचा थर निघाल्यावर खालचा पांढरा आणखी उजळ दिसला. मळलेल्या रंगाशी जुळवलेला ठिपका पहिल्याच पॉलिशनंतर वेगळा पडला असता.

जुळलेलं मिश्रण हार्डनर न घालता छोट्या काचेच्या बाटलीत, तोंडापर्यंत भरून, घट्ट झाकण लावून ठेवलं.

१४ फेब्रुवारी: रंगाचा पहिला हात

आधी सुरक्षेचं, कारण ठिपके लावायचे म्हणून लोक हे सोडून देतात. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. शरीराला त्याची ॲलर्जी एकदा बसली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्यासारखा त्रास होतो आणि ती जात नाही. ब्रशने लावताना हातमोजे, चष्मा, वाफांसाठीचा काडतुसाचा (गाळणीची डबी असलेला) मास्क आणि शेडची दोन्ही दारं उघडी. फवारणी करायची असेल तर काडतुसाच्या मास्कवर भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरगुती कामात फवारणीच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या हार्डनरचा डबा उघडला तर आतलं द्रव्य गढूळ आणि कडेला जेलीसारखं. हवेतला ओलावा त्यात शिरला होता. असा हार्डनर वापरला तर रंगात बारीक फुगे येतात किंवा रंग मऊ राहतो. नवा आणावा लागला आणि तो लहान मापात मिळत नाही. वापरला त्याच्या कितीतरी पट उरला आहे. खर्चात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच.

प्रमाण दोन भाग रंग, एक भाग हार्डनर, मापाने. प्रत्येकाला वेगळी सिरिंज. मिसळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबून, नायलॉनच्या कापडातून गाळून घेतला.

लावताना ब्रश ओढायचा नाही. टोकावर थेंब घ्यायचा, खड्ड्याच्या मध्यावर टेकवायचा आणि रंगाला स्वतःहून कडेपर्यंत पसरू द्यायचं. कडेला पोहोचला की थांबायचं. जुन्या चकचकीत रंगावर चढलेला नवा रंग तिथे धरत नाही, पुढे नखानेही त्याची कड सुटते. अगदी बारीक टवक्यांना ब्रशपेक्षा टूथपिक बरी.

कठड्याच्या पट्टीजवळच्या एका टवक्यात रंग थांबेचना. थेंब मधून फाकून कडांना पळाला, मध्ये डोळ्यासारखा गोल उघडा. शेजारच्या फिटिंगला सिलिकॉनचं सीलंट आहे, त्याचाच अंश इथे होता. वर आणखी रंग घालून हा डोळा बुजत नाही. रंग ओला असतानाच थिनरने पूर्ण पुसून काढला, जागा पुन्हा दोन फडक्यांनी साफ केली, सीलंटवर टेप लावली. मग बसला.

१५ फेब्रुवारी: पुढचे हात, आणि दव

पहिला हात वाळताना आक्रसून खड्ड्यात खाली गेला, ते अपेक्षितच होतं. म्हणून एका जाड थेंबात खड्डा भरण्याचा मोह टाळावा. जाड थेंब वरून वाळतो, आतला थिनर अडकतो आणि कित्येक दिवसांनी मधोमध खळगा पडतो. पातळ हात, डब्यावरच्या मुदतीत पुढचा पातळ हात. मुदतीत दिला तर दोन्ही थर एकमेकांत धरतात, मुदत टळली तर मधे घासावं लागतं, आणि एवढ्याशा खड्ड्यात ते त्रासाचं.

दुपार कलल्यावर लावलेले मागच्या कोपऱ्यावरचे ठिपके सकाळी धुरकट दिसले. रंग ओला असतानाच संध्याकाळचं दव बसलं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं, आणि फायबरचं पातळ अंग ऊन गेल्यावर हवेच्याही आधी गार होतं. आता दुपारनंतर रंगाचा डबा उघडायचा नाही. धुरकट ठिपके घासून पुन्हा भरावे लागले.

१७ फेब्रुवारी

लाकडी पट्टी कोरडी झाली. पातळ इपॉक्सी मुरवली, कडा उतरत्या केल्या. बाकी ठिपक्यांवर नख अजून रुततं. हात लावला नाही.

२५ फेब्रुवारी: केबिनवर सपाट करणं

रंग पुरता कडक झाल्यावरच हे काम. मऊ ठिपका पेपरखाली तुटत नाही, फरफटतो.

प्रत्येक ठिपका आसपासच्या रंगापेक्षा किंचित वर आला आहे, तसाच हवा होता. त्याच्यावर मार्करने निळा हात फिरवला, म्हणजे किती उतरलं ते दिसत राहतं. मग नव्या दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना पातळ सेलोटेप गुंडाळली, मधली ठिपक्याएवढी धार उघडी. टेप जुन्या रंगावर सरकते आणि धार फक्त उंचवट्याला लागते. ब्लेड थोडं वाकवून, स्वतःकडे ओढत, हलक्या हाताने. प्रत्येक ओढीला केसासारखा बारीक रंगाचा पापुद्रा निघतो आणि मार्करचा डाग कडेकडेने आत सरकत जातो. मध्ये टिंबाएवढा डाग उरला की थांबायचं.

पुढे १५०० चा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवलेला आणि ॲक्रिलिकच्या छोट्या सपाट तुकड्यावर गुंडाळलेला. एका ठिकाणी नुसत्या बोटाने घासून बघितलं होतं. बोट मऊ असतं, ते उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना दबतं, चांगल्या रंगात चर पडतो आणि उंचवटा जागेवरच राहतो. कडक तुकडाच हवा. १५०० नंतर २०००, मग ३०००, मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. हाताने, लहान गोलात. मशीनची चकती एवढ्या कामाला मोठी आणि कोपऱ्यांवर रंग जाळते.

ज्या टवक्यात लांबी वर राहिली होती तिथे २००० वरच करडा ठिपका उघडा पडला. त्यावर आणखी रंग थापण्यात अर्थ नाही, जागाच नाही. सगळं कोरून, लांबी खाली नेऊन, प्रायमरपासून पुन्हा. एवढ्याशा टवक्याने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त दिवस खाल्ले, त्यातले बहुतेक नुसते वाळण्याची वाट बघण्यात.

बाकीचे केबिनवरचे टवके आता बोट फिरवूनही सापडत नाहीत. नंबरच्या टेपा काढल्यावर एक तर मलाच शोधावा लागला. मनापासून आनंद झाला.

२६ फेब्रुवारी: निळ्यावर

इथे केबिनची रीत चालवायची नाही. पेपर, कंपाउंड काहीच नाही.

जमलं ते असं. त्याच टेप लावलेल्या ब्लेडने ठिपका आसपासच्या पातळीपेक्षा किंचित खाली उतरवला. भोकाची टेप पुन्हा बसवून आत फक्त ८०० ने मंद केलं, धूळ पुसली. टेप काढली आणि थोडा पातळ केलेला रंगाचा शेवटचा एकच थेंब दिला, सकाळी, वारा नसताना. हा थेंब कडेपर्यंत जाऊन सपाट बसतो आणि त्याची तकाकी त्याची स्वतःची असते, घासून आणलेली नाही. वर थर्माकोलचा पेला उलटा करून टेपने अडकवला, धूळ आणि किडे बसू नयेत म्हणून. त्यासाठी टेप टवक्यापासून लांब लावली.

तिरप्या उजेडात निरखून पाहिलं तर ठिपक्यांची कड अजून दिसते. ती तशीच राहू द्यावी, तिच्या मागे लागू नये. दोन पावलं मागे गेलं की फक्त सलग निळा दिसतो, आणि पाणी आत जायची वाट बंद झाली आहे.

५ मार्च

लाकडी पट्टीला शेवटचा हात. झाकणाला त्याचाच इनॅमल, तोही पुरे झाला. आणखी काही आठवडे मेण लावणार नाही, रंगातून उरलेला थिनर निघून जायला हवा.

मागच्या कोपऱ्यावर एक टवका पाण्याच्या रेषेखाली उतरतो. तिथे हा रंग लावला नाही. बाजूंचा युरेथेन सतत पाण्यात बुडून राहण्यासाठी नसतो, काही काळाने फोड येतात. रेषेखालच्या भागाला इपॉक्सीचे हात आणि त्यावर बुडाचा रंग.

टवके ज्याने पाडले ते तसंच ठेवलं तर ही सगळी मेहनत एका हंगामाची. नांगर आता रोलरवरून वर येतो आणि त्याचं टोक टेकतं तिथे स्टीलची पातळ पट्टी बसवली. दोर जिथे पट्टीवर घासतात तिथे चिरलेल्या पाइपचं आवरण घातलं. विंचच्या हँडलला बसायला कप्पा केला. छोट्या होडीच्या कडेला जाड दोराचा काठ बांधायचा आहे, तो राहिला.

जुळवलेल्या दोन्ही रंगांच्या बाटल्यांवर तारीख, मूळ रंगाचा नंबर आणि मिसळलेल्या छटांचं प्रमाण लिहून त्यांची कार्डंही सोबत बांधली. हार्डनर मात्र उन्हापासून दूर, कोरड्या जागी, वेगळ्या लहान बाटल्यांत तोंडापर्यंत भरून ठेवला. एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.